वेबसाइटच्या फाइली क्लाउडमध्ये ठेवताना: काय कुलुपात, काय उघड्यावर

मोहल्ल्याची जमात असो, शाळा असो, शिष्यवृत्ती देणारा ट्रस्ट असो की एखादं छोटं बातमीपत्र, आता बहुतेकांची वेबसाइट असते. आणि वेबसाइटवर मजकूर थोडा, फाइली जास्त, असाच सगळीकडे प्रकार. जलशाचे फोटो, जुम्याच्या बयानाचं रेकॉर्डिंग, रमजानचं टाइमटेबल, निकालाची पीडीएफ, मुशायऱ्याचा व्हिडिओ. या सगळ्यांना मिळून मीडिया फाइली म्हणतात. त्या कुठे ठेवायच्या आणि लोकांपर्यंत कशा पोहोचवायच्या, ही माहिती वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही एका जागी मिळावी म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घेऊ. फाइल ठेवणं आणि फाइल प्रसिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत. घरात हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. निकाहनामा, जमिनीचे कागद, दादीच्या जमान्यातले फोटो ट्रंकेत असतात; शादीची पत्रिका मात्र दारोदार वाटली जाते. ट्रंक उचलून कोणी चौकात नेऊन ठेवत नाही. क्लाउडमध्ये ट्रंक आणि चौक यांच्यात फक्त एका बटणाचं अंतर असतं. घोटाळे होतात ते तिथेच.

क्लाउड स्टोरेज म्हणजे काय

वेबसाइट ज्या भाड्याच्या जागेवर चालते तिला होस्टिंग म्हणतात. तिथे जागा मोजून मिळते आणि वेबसाइटचा प्रोग्राम, डेटाबेस, फोटो सगळे एकाच खोलीत राहतात. क्लाउड स्टोरेज ही त्याशेजारची वेगळी कोठी समजा, फक्त फाइलींसाठी. या पद्धतीची सेवा अ‍ॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये एसथ्री या नावाने सुरू केली. आज गुगल क्लाउड स्टोरेज, क्लाउडफ्लेअरची आरटू, बॅकब्लेझची बीटू अशा अनेक सेवा त्याच धर्तीवर चालतात. अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून चालू आहे, त्यामुळे फाइल परदेशातच ठेवावी लागते असं काही नाही.

या कोठीतल्या एका खणाला बकेट म्हणतात. बकेटमध्ये फाइल टाकली की तिला एक पूर्ण नाव मिळतं आणि त्या नावानेच ती परत मागवायची. कॉम्प्युटरवर असतात तसे फोल्डर इथे खरे नसतात. नावात तिरकी रेघ घातली की पडद्यावर फोल्डरसारखं दिसतं, इतकंच. म्हणून 'फोल्डरचं नाव बदला' हे साधं वाटणारं काम इथे आतल्या प्रत्येक फाइलची नव्या नावाने नक्कल करून जुनी पुसण्याचं काम ठरतं, आणि जुन्या नावाने दिलेल्या सगळ्या लिंक तुटतात. नावं पहिल्या दिवशीच विचार करून ठरवावीत ती यासाठी.

एसथ्रीबद्दल 'अकरा नऊ' असा शब्द ऐकायला मिळतो. म्हणजे फाइल टिकण्याची खात्री ९९.९९९९९९९९९ टक्के. अ‍ॅमेझॉन स्वतः त्याचा हिशोब असा सांगते की एक कोटी फाइली ठेवल्या तर सरासरीने दहा हजार वर्षांत एखादी हरवेल. मात्र ही खात्री डिस्क बिघडण्याबद्दल आहे. तुम्ही स्वतः चुकून पुसलेली फाइल, पासवर्ड चोरणाऱ्याने पुसलेली फाइल, बिल थकल्यामुळे बंद झालेलं खातं, यातलं काहीही त्या अकरा नऊंमध्ये येत नाही.

आणि सगळ्याच भाड्याच्या जागा इतक्या मजबूत नसतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरची एक पूर्ण इमारत जळाली. लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी होती त्यांनी काही दिवसांत काम सुरू केलं. ज्यांची नव्हती त्यांचा माल तिथेच राख झाला.

होस्टिंगवरच का ठेवू नये?

ठेवा, वेबसाइट लहान असेल तर. पण वर्डप्रेसवर एक फोटो चढवला की तो एक राहत नाही. छोटा, मध्यम, मोठा अशा आकारांच्या नकला वर्डप्रेस आपोआप बनवतं. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या आणखी दोन नकलांची भर पडली. मूळ फोटो पुरेसा मोठा असेल तर एका फोटोच्या सात-आठ फाइली होतात. वार्षिक संमेलनाचे दोनशे फोटो चढवले की दीड हजार फाइली. होस्टिंगचा कोटा मग कसा भरतो ते वेगळं सांगायला नको.

दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे गुगल ड्राइव्हची लिंक. घरच्या वापराला ठीक आहे. पण मोफत मिळणारे १५ जीबी ईमेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून आहेत, आणि एखादी फाइल थोड्या वेळात खूप लोकांनी उघडली की ड्राइव्ह ती काही काळ अडवतं. ऐन चाँदरातीला अडली तर काय कामाची?

व्हिडिओबाबत आमचं मत सरळ आहे. लोकांना दाखवण्यासाठी यूट्यूबच वापरावं. नेट मंद असलेल्या मोबाइलवर दर्जा आपोआप कमी करून दाखवण्याचं काम ते फुकट करतं, आपण आपल्या बकेटमधून तसं करायचं तर खर्च आणि डोकेदुखी दोन्ही आहे. पण मूळ व्हिडिओ आपल्या बकेटमध्ये हवाच. मायस्पेस या एकेकाळच्या बड्या साइटने मार्च २०१९ मध्ये मान्य केलं की सर्व्हर बदलताना लोकांनी बारा वर्षांत चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. त्यात अनेक कलाकारांची एकुलती एक प्रत होती. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडायला हरकत नाही, गोदाम मात्र आपलं असावं.

दोन बकेट करा

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. एक बकेट कुलुपाची, एक उघडी. कुलुपाच्या बकेटमध्ये सगळं मूळ सामान: कॅमेऱ्यातून आलेले पूर्ण फोटो, न कापलेली रेकॉर्डिंग, अर्ज, याद्या, स्कॅन. उघड्या बकेटमध्ये फक्त तेवढंच, जे जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाने पाहिलं तरी चालेल असं बसून ठरवलं आहे. एकाच बकेटमध्ये काही फाइली उघड्या, काही बंद, असं करता येतं. करू नका. सहा महिन्यांनी काय उघडं होतं ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

एसथ्रीमध्ये एप्रिल २०२३ पासून नवी बकेट मुळातच बंद असते, उघडण्यासाठी मुद्दाम परवानगी द्यावी लागते. हे शहाणपण आधीच्या घोटाळ्यांनंतर आलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या व्हेरिझॉन या टेलिफोन कंपनीच्या सुमारे ६० लाख ग्राहकांची माहिती अशाच उघड्या राहिलेल्या बकेटमुळे कोणालाही मिळेल अशी पडून होती. काम ठेकेदाराकडे होतं, बकेटची परवानगी चुकीची दिली गेली होती. व्हेरिझॉनसारख्या कंपनीत हे होऊ शकतं तर तीन माणसांच्या कमिटीत नक्कीच होऊ शकतं.

परवानगी देतानाही दोन प्रकार लक्षात ठेवा. फाइलचं नाव माहीत असणाऱ्याला ती वाचू देणं हा एक प्रकार. बकेटमधल्या सगळ्या फाइलींची यादी पाहू देणं हा दुसरा. दुसरी परवानगी बाहेरच्या कोणालाही द्यायची नाही, उघड्या बकेटचीसुद्धा नाही.

आता आपल्या घरातलं उदाहरण. जकात किंवा रमजान किट कोणाला दिलं त्याची यादी कमिटीला ठेवावी लागते. नाव, पत्ता, विधवा की तलाकशुदा, मुलं किती, मोबाइल नंबर. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत आधारची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान येतं. हे कागद 'कमिटीतल्या सर्वांना पाहता यावेत' म्हणून उघड्या बकेटमध्ये टाकले जातात आणि समजूत अशी असते की लिंक आपण कुठे छापली नाही म्हणजे कोणाला दिसणार नाही. ही समजूत खोटी आहे. ती लिंक एकदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली की पुढे कुठे जाईल यावर आपला ताबा नाही, आणि 'यादी-२०२४' असं साधं नाव असेल तर कोणी अंदाजानेही गाठू शकतं. ज्या बाईने रात्रीच्या अंधारात, चेहरा झाकून किट नेलं, तिचं नाव इंटरनेटवर शोधून सापडावं, याहून मोठा जुलूम कोणता?

कमिटीला पाहायचं असेल तर त्यावर सोय आहे. कुलुपाच्या बकेटमधल्या फाइलची मुदतीची लिंक काढता येते, एक तास, एक दिवस. एसथ्रीमध्ये जास्तीत जास्त सात दिवस. मुदत संपली की लिंक निकामी. हिशोब तपासणाऱ्याला, शाळेच्या हेडमास्तरांना, ट्रस्टींना अशीच लिंक द्यावी.

वाटपाच्या फोटोंबद्दलही बोलायला हवं. देणगीदारांना फोटो लागतात, हे आम्हाला मान्य आहे. पण सामानाचा फोटो द्या, स्वयंसेवकांचा द्या. घेणाऱ्याचा चेहरा कुलुपात ठेवा. शाळेतल्या मुलांच्या बाबतीत तर आता कायदाच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी आई-वडिलांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट घातली आहे. दहावीच्या निकालात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो अभिमानाने लावतो आपण. लावण्याआधी तिच्या घरी विचारायचं आणि संमतीचा कागद कुलुपाच्या बकेटमध्ये ठेवायचा, एवढं अवघड नाही.

उघड्या बकेटमध्ये टाकण्यापूर्वी

मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. एखाद्या घरातल्या महिलांच्या दर्सचा फोटो तसाच चढवला तर त्या घराचा नकाशाच सोबत गेला. चढवण्याआधी ही आतली माहिती काढून टाकावी. फोटो लहान करणाऱ्या बहुतेक प्रोग्रामांत तशी सोय असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते, पण दर्जाही जातो. म्हणून मूळ फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. ते कुलुपात जाईल, त्यातून कापून लहान केलेलं बाहेर येईल.

आवाजाच्या फाइलीत मोठी बचत आहे, पण तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. चाळीस मिनिटांचं बयान १२८ केबीपीएसवर साठवलं तर साधारण ३८ एमबी होतं. तेच ३२ केबीपीएस, एका चॅनलवर साठवलं तर दहा एमबीच्या आत. बोलण्याच्या आवाजाला तेवढं पुरतं. संगीतासाठी नाही चालणार, बयानासाठी चालतं. हजार लोकांनी ऐकलं तर एकीकडे ३८ जीबी बाहेर जातात, दुसरीकडे दहाहून कमी. आणि ऐकणाऱ्या गरिबाचा डेटा वाचतो तो वेगळाच.

फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवावीत. आम्ही मराठी-उर्दूचे कितीही कैवारी असलो तरी इथे हाच सल्ला देऊ. कारण पत्त्याच्या ओळीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह नऊ चिन्हांचं होतं. 'रमजान' हा एवढासा शब्द लिंकमध्ये ४५ चिन्हं लांब होतो, उर्दूत लिहिला तर ३०. त्याहून मोठी अडचण नुक्त्याची. 'ज़कात'मधला नुक्तेवाला ज कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, एकसंध किंवा ज अधिक नुक्ता. डोळ्याला फरक दिसत नाही, बकेटला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. उर्दूत अरबी कीबोर्डची ये आणि उर्दू कीबोर्डची ये यांचंही तेच. मग 'फाइल समोर दिसतेय पण उघडत नाही' असा फोन येतो. नाव रोमन ठेवा, आणि पानावर दिसणारं शीर्षक, फोटोखालची ओळ बिनधास्त मराठीत, उर्दूत, नुक्त्यासकट लिहा.

उर्दूचं एक काम मुद्दाम सांगतो. नस्तालीक फॉन्टची फाइल बकेटमध्ये ठेवली तर वेबसाइटचा पत्ता आणि फॉन्टचा पत्ता वेगळा पडतो, आणि ब्राउजर दुसऱ्या पत्त्यावरचा फॉन्ट परवानगीशिवाय वापरत नाही. बकेटच्या सेटिंगमध्ये कॉर्स नावाचा नियम असतो, तिथे आपल्या वेबसाइटचं नाव घालावं लागतं. नाहीतर सगळी उर्दू नस्ख वळणाची दिसते आणि वाचक विचारतात की अक्षर का बदललं. तसंच जुन्या इनपेजमधून काढलेली उर्दू पानं बरेच जण चित्र म्हणून लावत. ती चित्रं ठेवाच, पण कुलुपाच्या बकेटमध्ये इनपेजची मूळ फाइलही ठेवा. उद्या तिचं युनिकोड करता येईल, चित्राचं तितक्या सहज नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. प्रत्येक फाइलसोबत तिचा प्रकार नोंदवलेला असतो. प्रोग्रामने चढवताना तो नोंदवायचा राहिला की पीडीएफ पानावर उघडण्याऐवजी डाउनलोड होऊ लागते. तक्रार आली तर आधी तिथे पाहा.

टाइमटेबल बदललं तर

बकेटमधून थेट फाइल देण्याऐवजी मध्ये सीडीएन ठेवतात. सीडीएन म्हणजे गावोगावचे एजंट. एकदा मागवलेली फाइल ते आपल्याकडे ठेवून घेतात आणि पुढच्या माणसाला तिथूनच देतात. वेग वाढतो, खर्च घटतो. पण त्याचा एक परिणाम असा की मूळ फाइल बदलली तरी एजंटाकडे जुनीच राहते. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडफ्रंटमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर २४ तास.

सहरीच्या वेळेत छपाईची चूक निघाली, तुम्ही त्याच नावाने दुरुस्त टाइमटेबल चढवलं, तरी निम्म्या लोकांना दुसऱ्या दिवशीपर्यंत जुनं दिसू शकतं. रोजा म्हणजे मिनिटांचा मामला. म्हणून दुरुस्त फाइलला नेहमी नवं नाव द्यावं, शेवटी दोन, तीन असा क्रमांक जोडून, आणि पानावरची लिंक बदलावी. शिवाय वेळा फक्त चित्रात न ठेवता पानावर मजकूर म्हणूनही लिहाव्यात. अंध वाचकाच्या फोनला चित्रातले आकडे वाचून दाखवणं अवघड जातं. आणि चित्राचा आकार पाहा. तीन एमबीचं टाइमटेबल वीस हजार वेळा उघडलं गेलं तर ६० जीबी जातात. तेच दीडशे केबीत बसवलं तर तीन.

मिटवण्याचंही असंच आहे. बकेटमध्ये आवृत्त्या जपण्याची सोय चालू केली की चुकून पुसलेली फाइल परत मिळते. कुलुपाच्या बकेटमध्ये ती चालू असावीच. पण मग 'डिलीट' म्हटल्यावर फाइल खरोखर जात नाही, तिच्यावर फक्त पडदा पडतो. एखाद्या घरच्यांनी मय्यतचा फोटो काढून टाका म्हटलं, तर जुन्या आवृत्त्यासुद्धा वेगळ्या निवडून पुसाव्या लागतात, सीडीएनकडूनही काढून घ्यावी लागते, वर्डप्रेसने केलेल्या सात नकलाही शोधाव्या लागतात.

पैसे किती लागतात

ठेवायला स्वस्त, वाटायला महाग, हे सूत्र. एसथ्रीच्या मुंबई केंद्रात एक जीबी महिनाभर ठेवायला साधारण अडीच अमेरिकी सेंट, म्हणजे १०० जीबीला अडीच डॉलर. पण तिथून थेट बाहेर पाठवायला महिन्याचे पहिले १०० जीबी मोफत झाल्यावर जीबीमागे जवळपास ११ सेंट. क्लाउडफ्रंट मध्ये ठेवलं तर महिन्याला १ टीबीपर्यंत बाहेर पाठवणं मोफत येतं. क्लाउडफ्लेअरच्या आरटूमध्ये बाहेर पाठवण्याचे पैसेच नाहीत आणि १० जीबी ठेवणं फुकट आहे. दर बदलत राहतात, सुरू करण्याआधी कंपनीच्या पानावर पाहून घ्यावं. आमच्या मते छोट्या वेबसाइटने उघडी बकेट जिथे पाठवणं फुकट तिथे ठेवावी, कुलुपाची दुसऱ्या कंपनीकडे. दोन्ही अंडी एका टोपलीत राहत नाहीत. खर्चाची मर्यादा ओलांडली की ईमेल येईल अशी सूचना पहिल्याच दिवशी लावून ठेवा.

क्वचितच लागणाऱ्या मूळ फाइलींसाठी एसथ्रीमध्ये ग्लेशियर डीप आर्काइव्ह नावाचा फार स्वस्त खण आहे. तिथून फाइल काढायला बारा तासांपर्यंत लागतात आणि किमान १८० दिवसांचं भाडं भरावंच लागतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या जलशाच्या कॅसेटचं रेकॉर्डिंग ठेवायला उत्तम. रोजच्या फोटोंना नको.

खातं कोणाच्या नावावर?

मोहल्ल्यातला हुशार मुलगा वेबसाइट बनवून देतो. खातं त्याच्या ईमेलवर, कार्ड त्याचं, ओटीपी त्याच्या फोनवर. दोन वर्षांनी तो सौदीला किंवा बंगळुरूला जातो, नंबर बदलतो, कार्डची मुदत संपते. बिलाचे ईमेल कोणी वाचत नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये खातं बंद झाल्यापासून ९० दिवसांनी आतला सगळा माल कायमचा पुसला जातो. मुलाचा यात दोष नाही, त्याने फुकटात काम केलेलं असतं.

खातं संस्थेच्या ईमेलवर हवं. मुख्य पासवर्ड लिफाफ्यात, ठराव-वहीसोबत कपाटात, आणि त्याची खबर किमान दोन पदाधिकाऱ्यांना. रोजचं काम करणाऱ्याला वेगळा, मर्यादित अधिकाराचा प्रवेश द्यावा, ज्याने फाइल चढवता येईल पण बकेट पुसता येणार नाही. लिंकसाठी कंपनीचा लांबलचक पत्ता न वापरता आपल्याच वेबसाइटच्या नावापुढे 'मीडिया' जोडून पत्ता घ्यावा. मग उद्या कंपनी बदलली तरी लोकांनी जपून ठेवलेली एकही लिंक तुटत नाही.

आणि तिसरी प्रत एका हार्ड डिस्कवर, संस्थेच्या ऑफिसात. ईदनंतर सवड असते तेव्हा वर्षातून एकदा कुलुपाच्या बकेटमधल्या पाच-दहा फाइली उतरवून खरोखर उघडून पाहाव्यात. फोटो दिसतो का, बयान शेवटपर्यंत वाजतं का, पीडीएफमधली उर्दू वाचता येते का. तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख कमिटीच्या वहीत लिहावी.